गाण्यांआड राहिलेला मुक्तछंद

कवी अनिल बहुतेक मराठी घरांत पोचले ते रेडिओवरून. कुमार गंधर्वांच्या गळ्यातला तो रुसवा, उषा मंगेशकरांनी गायलेली केळीची सुकलेली बाग, वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात कोकिळाला धाडलेला निरोप. ही गाणी गुणगुणणाऱ्याला कवीचे नाव सांगितले तर तो मान डोलावतो. मात्र याच माणसाने १९३५ साली ‘प्रेम आणि जीवन’ नावाचे एक दीर्घकाव्य छापले, त्यात पेटीवर बसवता येण्याजोगे जवळजवळ काही ठेवले नाही, आणि कवितेची ओळ कुठे मोडायची हा प्रश्न मराठीपुढे टाकला, हे सांगितले की तो बुचकळ्यात पडतो. आत्माराम रावजी देशपांडे ऊर्फ अनिल (१९०१-१९८२) यांचे नाव पुसले गेलेले नाही. पुसला गेला तो त्यांचा मुक्तछंद. हे पुस्तक त्या पुसल्या गेलेल्या अर्ध्या कवीबद्दल आहे, आणि त्याने मोकळ्या करून दिलेल्या वाटेवरून पुढे कोण कोण गेले त्याबद्दल.

नव्या वाचकाला आधी एवढे ठाऊक असलेले बरे, की १९३० च्या सुमारास मराठी कवीपुढे पद्यरचनेच्या तीन वाटा होत्या. पहिली वृत्ताची. तिथे लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. शार्दूलविक्रीडितात एकोणीस अक्षरे आणि बाराव्यावर यती, मंदाक्रांतेत सतरा. दुसरी जातीची. तिथे अक्षरे कशीही येवोत, मात्रांचा हिशेब चुकता कामा नये. भावगीताला हीच सोयीची. तिसरी छंदाची, म्हणजे लघु-गुरूकडे काणाडोळा करून नुसती अक्षरे मोजण्याची. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही मोजणी याच घराण्यातली, आणि तिच्याहून सैल असलेली ओवीही. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात या सगळ्याची शिस्तवार मांडणी १९२७ मध्ये केली आणि दहा वर्षांनी ती वाढवून पुन्हा छापली. मराठी पद्याचा एवढा काटेकोर नकाशा प्रथमच हाती येत होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत अनिल नकाशात नसलेल्या गावाला निघाले होते. मला याची नेहमी गंमत वाटते.

तो काळ कविता ऐकण्याचा होता. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला सभागृहापर्यंत नेले. यशवंत आणि गिरीश यांची कविता लोकांनी डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकली. खंडकाव्येही लिहिली जात होती, माधव जूलियनांचे ‘विरहतरंग’ किंवा गिरीशांची ‘आंबराई’, पण तीही वृत्ताचा हात धरूनच चालत. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये या मंडळींची यथेच्छ टिंगल केली, तीसुद्धा चोख वृत्तात. टिंगल करणाऱ्यालाही वृत्ताबाहेर जावेसे वाटले नाही, यावरून त्या चौकटीचा वचक कळावा.

यमक टाकून देण्याचे धाडस मात्र अनिलांच्या आधीच झाले होते. सावरकरांनी ‘वैनायक’ नावाचे निर्यमक वृत्त घडवून त्यात दीर्घ रचना केल्या. शेजारच्या भाषांत तर बरीच खळबळ होती. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मधल्या ‘मेघनादवध’ काव्यात यमकाची गाठ सोडली, गुजरातीत न्हानालालांनी डोलनशैली काढली, हिंदीत निरालांनी ‘परिमल’च्या प्रस्तावनेत मुक्त छंदाची बाजू हिरिरीने मांडली, आणि स्वतः रवींद्रनाथ १९३२ मध्ये ‘पुनश्च’ या संग्रहात गद्यकवितेकडे वळले. मराठीने मुक्तछंद थेट इंग्रजीतून उचलला असे सरसकट बोलले जाते, ते या यादीपुढे टिकत नाही. दारे सगळीकडूनच उघडत होती.

परदेशांतला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या विषयाशी जुळणारा एक धागा आहे. अमेरिकेत व्हिटमनने १८५५ मध्ये ‘लीव्हज ऑफ ग्रास’ काढून लांबलचक, बिनयमकी ओळी लिहिल्या. पॅरिसमध्ये १८८६ साली ‘ला व्होग’ या नियतकालिकात मुक्तछंदाच्या रचना येऊ लागल्या आणि जनकत्वाचा मान त्याचा संपादक गुस्ताव्ह काहन याने घेतला. वॉर्सात जन्मलेली मारी क्रिसिन्स्का त्याच्या आधीपासून तशा रचना छापत होती, पण श्रेयाच्या भांडणात ती मागे ढकलली गेली. याच वर्तुळातला ज्यूल लाफोर्ग सत्ताविसाव्या वर्षी गेला. फ्रान्सबाहेर त्याचे नाव आज घेतले जाते ते मुख्यतः टी. एस. एलियटने त्याचे ऋण मोकळेपणाने सांगितले म्हणून. विस्मृतीत गेलेल्या कवीला असा एखादा वारस लागतो. अनिलांना तितक्या मोठ्या आवाजात ऋण सांगणारा वारस मिळाला नाही.

अनिल वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचे. शिकायला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तिथे कुसुमावती जयवंत भेटल्या, त्याच पुढे कथाकार आणि समीक्षक म्हणून नावारूपाला आलेल्या कुसुमावती देशपांडे. अनिलांनी कायदा शिकून न्यायखात्यात नोकरी केली, नंतर समाजशिक्षणाच्या कामात बरीच वर्षे घालवली. पतिपत्नी दोघेही अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते १९५८ मध्ये मालवणला आणि त्या १९६१ मध्ये ग्वाल्हेरला. हे पद मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. चरित्र एवढेच पुरे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी: दिवसभर वादी-प्रतिवादींचे ऐकून घेणारा आणि मग विचार करून बोलणारा हा माणूस होता. त्याच्या मुक्तछंदात ती सवय उतरली आहे.

पहिला संग्रह ‘फुलवात’ १९३२ चा, आणि तो गाणाऱ्या कवितांचाच. तीन वर्षांनी आलेले ‘प्रेम आणि जीवन’ मात्र वेगळ्याच कानाने लिहिलेले आहे. प्रेम खरे पण जगण्याचे काय, हा प्रश्न त्या पिढीच्या कित्येक कवींना पडला होता. अनिलांनी तो गाण्यात न बसवता बोलण्यात बसवला. बोलताना माणूस थांबतो, मागे जातो, एखादी गोष्ट लांबवतो, मग एकदम तोडतो. वृत्तात हे सगळे दाबावे लागते. अनिलांनी ओळीला त्या बोलण्याच्या श्वासाएवढे लांब-आखूड होऊ दिले.

म्हणून ते गद्य झाले का? त्या वेळी हीच टीका झाली आणि आजही मुक्तछंदावर पहिला दगड हाच पडतो. माझे उत्तर वाचनातून आलेले आहे. अनिलांच्या ओळी डोळ्यांनी वाचल्या तर विस्कळीत वाटतात. त्याच मोठ्याने वाचल्या की अक्षरांचे छोटे छोटे गट ऐकू यायला लागतात. गट जवळजवळ सारख्या वजनाचे असतात, पण एका ओळीत दोन, दुसरीत चार, तिसरीत एकच. कुठे कुठे यमकही सापडते, एखाद्या वळणावर आवाज टेकवण्यापुरते. लघु-गुरू मोजायला बसाल तर हाती काही लागणार नाही, मात्रांचेही तेच. हा मोकळेपणा आला आहे तो तिसऱ्या वाटेवरून, अक्षरे मोजणाऱ्या छंदाच्या वाटेवरून. मोजणी राहिली, फक्त ओळीगणिक बेरीज सारखी असली पाहिजे ही अट गेली.

आणि ही अट सैल करण्याची मुभा मराठीला फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांच्या ओवीत तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, बिनयमकाचा. अक्षरसंख्या कमी-जास्त होते आणि कुणाची तक्रार नसते. जात्यावरच्या ओवीत तर ओळीची लांबी जात्याची फेरी ठरवते, पुस्तक नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात लाखावर ओव्या आहेत. त्यातल्या शंभर-दोनशे जरी सलग वाचल्या, तरी एक ओळ सात शब्दांची आणि तिच्या पाठची अकरा शब्दांची असूनही लय का तुटत नाही, हे कानाला कळते. अनिलांनी जाते ओढले होते असे मला म्हणायचे नाही. पण त्यांनी मोडलेले घर ज्या जमिनीवर होते, ती जमीन मराठी कानाच्या ओळखीची होती. म्हणून तो कान पहिल्या धक्क्यानंतर सावरला. वैनायकाला जे जमले नाही ते मुक्तछंदाला जमले, त्याचे कारण मी इथे शोधतो.

हे मी मोशीत बसून लिहितो आहे, आणि त्याला थोडा अर्थ आहे. आमच्या इंद्रायणीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. अभंग आणि ओवी यांच्या मधोमध वसलेले हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि आता पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींनी भरून गेले आहे. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली हे मला माहीत आहे. तरी कार्तिकीला आळंदीकडे चाललेल्या दिंड्यांमधून अक्षरांची जी मोजणी कानावर पडते, ती ऐकत वाढलेल्या माणसाला छंदोरचनेचा पहिला धडा वेगळा द्यावा लागत नाही.

‘भग्नमूर्ती’ १९४० चे. पडक्या देवळातली भंगलेली मूर्ती पाहून कवी संस्कृतीच्या उभारणीचा आणि पडझडीचा विचार करू लागतो, आणि तो विचारच कविता होतो. मराठीत चिंतनपर दीर्घकविता म्हणून आपण पुढे जे ओळखू लागलो, तिचा पाया इथे आहे. ‘निर्वासित चिनी मुलास’ १९४३ चे. जपानने १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले होते. पुढच्या वर्षी भारतातून वैद्यकीय पथक गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचा तिकडेच मृत्यू झाला. चीनचे दुःख मराठी घरात परके राहिलेले नव्हते. अनिलांनी त्या दुःखाला एका मुलाचे रूप दिले आणि त्या मुलाशी ते थेट बोलत राहिले.

हे थेट बोलणे फार महत्त्वाचे. माझ्या मते अनिलांनी पुढच्या कवितेला दिलेली मोठी गोष्ट ओळीची लांबी नव्हेच. ती आहे संबोधन. गाणाऱ्या कवितेत समोर प्रेयसी असते, देव असतो, चंद्र असतो, आणि त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षा नसते. इथे समोर एक अनोळखी पोर आहे, जगाच्या नकाशावर नेमक्या जागी उभे असलेले, आणि कवीला त्याला काहीतरी पटवून द्यायचे आहे. पटवून देणाऱ्याला वृत्त अडचणीचे होते. त्याला ‘थांब, हे असे नाही, असे आहे’ म्हणण्याची सोय लागते. मुक्तछंदाने ती सोय करून दिली आणि पुढची चार-पाच दशके मराठी कवींनी ती पुरेपूर वापरली.

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही प्रस्तावना आरती होईल. अनिलांचा मुक्तछंद पुष्कळदा न्यायाधीशाच्या निकालपत्रासारखा लांबतो: मुद्दा आला, त्याचे विवरण आले, मग पुन्हा तोच मुद्दा. संस्कृत भाववाचक नामांची गर्दी होते. माणूस बोलतो आहे असे वाटता वाटता व्याख्यान सुरू होते. ‘भग्नमूर्ती’ची काही पाने आज वाचताना मी चक्क ओलांडतो. वाटेवर पहिल्यांदा चालणाऱ्याला ती तुडवावी लागते, आणि तुडवताना पाय जड पडतात हे खरे. पण म्हणून वाचकाने प्रत्येक पाऊल गोड मानून घ्यावे असे नाही.

१९४७ हे वर्ष मराठी कवितेच्या इतिहासात मर्ढेकरांच्या ‘काही कविता’चे म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षी अनिलांचा ‘पेर्ते व्हा’ आला, हे फारसे कुणी नोंदत नाही. इथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी. नवकवितेची क्रांती म्हणून आपण ज्या मर्ढेकरांकडे बोट दाखवतो, त्यांनी आपला सगळा विस्फोट ओवी, अभंग, पादाकुलक अशा जुन्या बांधणीतच घडवला. गिरणीचा भोंगा, पिंपातले उंदीर, यंत्रयुगाचा किळस हे सारे त्यांनी संतांच्या मापात ओतले. म्हणजे नव्या जाणिवेला नवा छंद लागतोच असे नाही, हे मर्ढेकरांनी दाखवले. आणि नवा छंद आला म्हणून जाणीव आपोआप नवी होत नाही, हे अनिलांच्या काही कविता दाखवतात. दोघे एकमेकांच्या शेजारी ठेवून वाचले म्हणजे ‘नवे’ या शब्दाचा वापर जरा जपून होऊ लागतो.

मुक्तछंदाची मुख्य फांदी त्यानंतर विदर्भातच, नागपुरात वाढली. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा ‘नवी मळवाट’ १९४९ मध्ये आला. त्यात मार्क्सवादी निष्ठा, सामूहिक स्वर आणि मुक्तछंद एकजीव झाले. त्यांचे थोरले बंधू गजानन माधव मुक्तिबोध काही वर्षे नागपुरातच होते आणि हिंदीत मुक्त छंदातली दीर्घकविता रचत होते. एका मराठी घरातले दोन भाऊ, दोन भाषा, आणि दोघांनाही विचार करायला लांब ओळच लागते. शरच्चंद्रांचा अनिलांशी असलेला धागा आम्ही या पुस्तकात तपशीलवार तपासला आहे. गजाननरावांबद्दल काही ठाम बोलण्याचा मोह टाळला. एका गावात राहणे म्हणजे प्रभाव नव्हे.

१९४९ मध्येच मुंबईकडे विंदा करंदीकरांची ‘स्वेदगंगा’ आली. विंदांनी मुक्तछंदाला खेळते केले. सुनीताची चौदा ओळींची चौकट ठेवून आतले वृत्त सोडले आणि मुक्तसुनीते लिहिली. तालचित्रांत उलट तालच पुढे आणला. पुढे विरूपिकांत मोकळी ओळ विनोदाला आणि उपहासाला जुंपली. अनिलांचे व्याख्यान इथे येईपर्यंत गप्पांत आले होते. नारायण सुर्वे यांनी ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मध्ये त्याला गिरणगावातली भाषा दिली. सुर्व्यांची कविता कुणाला तरी उद्देशून बोलते: मास्तरांना, कॉम्रेडला, रस्त्यात भेटलेल्या कार्ल मार्क्सला. हे बोलणे चिनी मुलाशी झालेल्या बोलण्याचे वंशज आहे, असे मी म्हणेन. सुर्व्यांनी अनिल किती वाचले होते हा प्रश्न इथे दुय्यम आहे. कवितेत अशा रीतीने बोलता येते, आणि श्रोत्याला ते कविता म्हणून पटते, ही परवानगी दुसऱ्या कुणीतरी आधीच मिळवून ठेवलेली होती.

साठोत्तरी लघुनियतकालिकांची मंडळी याहून वेगळ्या घराण्याची. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, भालचंद्र नेमाडे यांच्यापुढे फ्रेंच आणि अमेरिकन कविता होती, तुकाराम होता, मुंबईचा रस्ता होता. अनिल त्यांच्या वाटेत आलेच नाहीत म्हटले तरी चालेल. कोलटकरांची ओळ बोलण्याची लय पकडते, पण पटवून देण्याच्या भानगडीत पडत नाही. मग दलित कविता आली आणि संबोधन पुन्हा केंद्रात आले, यावेळी आरोप म्हणून. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह १९७२ मध्ये निघाला. त्याच साली अनिल-कुसुमावतींच्या प्रेमपत्रांचे ‘कुसुमानिल’ प्रसिद्ध झाले. पुस्तकांच्या दुकानात ही दोन पुस्तके शेजारी-शेजारी मांडलेली कल्पून पाहावीत. ढसाळ मूळचे खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे. चाकण त्याच तालुक्यात. मुंबईने घडवलेला कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि ते बरोबरच आहे, पण आज ज्या पट्ट्यात मोटारी तयार होतात त्या पट्ट्याने मराठी मुक्तछंदाला त्याचा सर्वांत दणकट आवाज दिला, ही गोष्ट आमच्याकडच्या कवितावाल्यांनाही सांगावी लागते.

स्त्रियांच्या मुक्तछंदाचा मार्ग आणखी निराळा. रजनी परुळेकरांनी दीर्घकविता घरातल्या, मनातल्या तपशिलांवर उभी केली आणि अनिलांच्या चिंतनाला ज्या देहाची कमतरता होती तो तिला दिला. त्यावर पुस्तकात स्वतंत्र लिहिले आहे, इथे एवढेच.

मग अनिलांचा मुक्तछंद विसरला का गेला? गाणी हे पहिले कारण. ती इतकी गोड निघाली, की त्यांनी कवीची बाकीची ओळख झाकून टाकली. दुसरे, समीक्षेचे लक्ष मुंबईकडे आणि मर्ढेकरांकडे गेले. त्यांच्यावर चाललेला अश्लीलतेचा खटला आणि त्याभोवतीची चर्चा यांपुढे विदर्भातल्या एका संयत न्यायाधीशाची छंदक्रांती कुणाला दिसणार? तिसरे, दीर्घकविता पाठ्यपुस्तकात मावत नाही, आणि आपल्याकडे पाठ्यपुस्तकाबाहेरचा कवी पुढच्या पिढीपर्यंत क्वचितच पोचतो. चौथे कारण खुद्द अनिलांनी पुरवले. उत्तरायुष्यात ते दहा ओळींच्या बांधीव ‘दशपदी’कडे वळले, आणि १९७७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो याच नावाच्या संग्रहासाठी. मुक्तछंद आणणाऱ्याला मोठा मान मिळाला तो बंद आकारासाठी! मला यात हार दिसत नाही. कोणत्या आशयाला किती मोकळीक द्यायची हे ज्याला कळते तोच असा परत फिरू शकतो. पण साहित्याच्या इतिहासाला सरळ रेष आवडते आणि परत फिरणारा माणूस त्या रेषेत बसत नाही.

हे सगळे आत्ताच का उकरायचे, असे विचारले जाईल. कारण मुक्तछंद इतका सर्वत्र झाला आहे की तो छंद आहे हेच कुणाला आठवत नाही. आमच्या भागात कवींची वाण नाही. भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसीत विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली माणसे आहेत. अकोल्या-वाशीमकडचे, म्हणजे अनिलांच्याच मुलखातले, मोशीत कुठल्याही सोसायटीत भेटतील. त्यांतले कित्येक कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, तिसरी पाळी संपल्यावर मोबाईलवर कविता लिहितात. जानेवारी २०१६ मध्ये साहित्य संमेलन पिंपरीत झाले तेव्हा कवितेला जमलेली गर्दी बाहेरच्यांना नवलाची वाटली, इथल्यांना नाही. पण मोबाईलच्या पडद्यावर ओळ मोडते ती पडदा अरुंद म्हणून, किंवा बोट एन्टरवर पडते म्हणून. दहा कविता लागोपाठ ऐकल्या की त्यांतल्या बऱ्याच एकाच आवाजातल्या वाटू लागतात: विषय जिवाचा, राग खरा, ओळ मात्र कुठेही तोडलेली.

दुसऱ्या बाजूला गझलेच्या कार्यशाळा भरतात, सुरेश भटांचे नाव घेऊन मात्रा शिकवल्या जातात, आणि तिथे मुक्तछंद म्हणजे आळशांची सोय असे बिनदिक्कत ऐकवले जाते. भट अमरावतीचे, म्हणजे तेही वऱ्हाडातलेच. वृत्तवाले आणि मुक्तवाले यांची ही भांडणे मी बरीच ऐकली आहेत आणि दोन्हीकडच्या चहाला हजर राहिलो आहे. दोघांच्याही हाती अनिल ठेवावेत असे वाटते. चोख मात्रांत गाणारा, त्या सोडून बोलणारा, आणि पुन्हा दहा ओळींत स्वतःला बांधून घेणारा हा एकच माणूस. त्याच्यापुढे कुणाचाच सिद्धान्त सरळ उभा राहत नाही.

या पुस्तकाचा जन्म अशाच वाचनातून झाला. मोशीत काही कवी आणि वाचक रविवारी जमू लागले, कुणी कारखान्यात काम करणारे, कुणी शिक्षक, एक-दोन निवृत्त. ठरवले ते इतकेच, की कविता मोठ्याने वाचायची आणि ओळ जिथे तुटते तिथे का तुटते ते सांगायचे. ‘प्रेम आणि जीवन’ पासून सुरुवात केली. आधी कंटाळा आला, मग कुणीतरी ओळी हळू, गट पाडून वाचल्या आणि चर्चा भलत्याच दिशेने गेली. पुस्तकातले लेख त्या चर्चांवरून लिहिले आहेत, म्हणून त्यांत मतभेद तसेच ठेवले आहेत. एका लेखात अनिलांचा मुक्तछंद ओवीतून आला असे म्हटले आहे आणि त्याच्या पुढच्याच लेखात ते खोडून काढले आहे. वाचकाने कुणाची बाजू घ्यायची ते ठरवावे. मी कुठे उभा आहे ते वर सांगून बसलो आहे.

पुस्तकाला मर्यादा आहेत. छंदशास्त्राची परिभाषा आम्ही जेवढ्यास तेवढी वापरली. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी माधव जूलियन आणि ना. ग. जोशी यांच्याकडे जावे, त्याला पर्याय नाही. गोव्यातला मराठी मुक्तछंद आणि आदिवासी कवींचा मुक्तछंद यांना इथे न्याय मिळालेला नाही. त्यासाठी त्या त्या बोलींचा कान असलेले लेखक हवेत, ते मिळाले की दुसरी आवृत्ती वाढवू. प्रभावाची गोष्ट करताना ‘अमुक कवीने अनिल वाचले होते’ एवढे म्हणून थांबायचे नाही, तर ओळीतच खूण दाखवायची, आणि खूण दिसत नसेल तर धागा सोडून द्यायचा, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला. त्यामुळे काही मोठी नावे बाहेर राहिली. त्यांच्या चाहत्यांनी रागावण्याआधी हा नियम ध्यानात घ्यावा.

वाचण्याच्या क्रमाबद्दल एक सूचना. पहिल्या विभागात अनिलांच्या काव्यांवरची वाचने आहेत. ती वाचताना मूळ पुस्तक शेजारी असावे. जुन्या ग्रंथालयांत शोधले तर प्रती सापडतात, पाने जपून उलटावी लागतात इतकेच. ज्यांना आधी सुर्वे किंवा ढसाळ जवळचे वाटतात त्यांनी खुशाल तिसऱ्या विभागापासून सुरुवात करून मागे यावे. आमच्या रविवारच्या मंडळींतल्या निम्म्यांनी तेच केले आणि त्यांची वाचने मला जास्त चोखंदळ वाटली.

मोशी